दगडाला झाडू लावायचा नाही

४ मार्च, मंगळवार

ही वही नवी नाही. माझ्या एका जुन्या नाटकाच्या संहितेची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. एकतीस वर्षं विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवली. निवृत्त होताना संहिता तेवढ्या घरी आणल्या. कागद वाया घालवायचा नाही ही जुनी खोड.

लिहायचं कारण भिंगरी. माझी नात, वय वर्षं आठ. बोलताना अडखळते. पूर्वी थोडं होतं, या वर्षी फार झालं. एखाद्या अक्षरावर गाडी अडली की मान वाकडी होते, डोळे मिटतात. वर्गशिक्षिकेने चिठ्ठी पाठवली की मुलगी हजेरीलाही नुसता हात वर करते, महिनाभरात एक वाक्य बोललेली नाही. सूनबाई प्रयोगशाळेत रक्त तपासते. तिने चार ठिकाणी चौकशी करून बोलणं शिकवणाऱ्या एक बाई शोधून काढल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता, लॅपटॉपवर. कोणीतरी मोठ्या माणसाने शेजारी बसायचं आणि काय झालं ते टिपून ठेवायचं, असा त्यांचा नियम. सूनबाई त्या वेळी कामावर. मुलगा चष्म्याची भिंगं घासण्याच्या कारखान्यातून तेव्हा नुकताच आलेला असतो, आणि तसाही तो मितभाषी. उरले मी. रिकामी आणि तोंडाळ, दोन्ही.

बाई दिसायला अगदीच पोरसवदा. या उकाड्यात डोक्यावर लोकरीची टोपी, गळ्यात मफलर, पाठीमागे भिंतीवर पांढरी चादर. म्हणाल्या, "आपण आता डोंगरावर आहोत आणि सगळीकडे बर्फ पडलाय." मी बर्फ पाहिला तो फ्रीजमधला. मनातल्या मनात त्यांचं नाव ठेवून टाकलं, बर्फवाली.

त्यांनी भिंगरीला विचारलं, "तुला काय जमायला हवंय?" मी सांगणारच होते की हिला शाळेत उत्तरं देता यायला हवीत. बाईंनी हात किंचित वर करून मला थांबवलं आणि वाट बघत बसल्या. पुरतं अर्धं मिनिट गेलं.

"मला बाबांना एक वि... वि... विनोद सांगायचाय," भिंगरी म्हणाली. "शेवटपर्यंत. मीच."

घ्या. आम्ही शाळेच्या काळजीने अर्धे झालो आणि हिला विनोद सांगायचाय. मान्य आहे, विनोद सांगताना ती अडली की शेवट मी सांगून टाकते. पण नाहीतर पोळी ताटात गार होते, त्याचं काय.

बाईंचं इंटरनेट मात्र सुमार आहे. मधेच एखाद्या शब्दावर आवाज अडकतो, चेहरा तेवढा हलत राहतो.

७ मार्च, शुक्रवार

आज उतारावरून घसरायचा खेळ. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून खाली येतात तो. आमचा डोंगर म्हणजे पांढऱ्या अभ्र्याची उशी, आणि खेळाडू म्हणजे भिंगरीची दोन बोटं, खाली आइस्क्रीमच्या दोन काड्या. सरळ खाली आलं तर वेग आवरत नाही, म्हणून नागमोडी यायचं. प्रत्येक वळणाला थोडं बोलायचं, वळताना श्वास घ्यायचा. "मी आज. शाळेतून. चालत आले." एवढं वाक्य उतरायला उशीची अख्खी लांबी लागली, पण उतरली पोरगी.

कल्पना वाईट नाही हे मी बाईंना बोलून दाखवलं नाही. जिथे भिंगरी अडली तिथे मी हळूच मदत केली.

११ मार्च, मंगळवार

आजचा खेळ ऐकून मला हसू आवरेना. गुळगुळीत बर्फावर एक जण जड, चपटा दगड सरकवतो. मग दोघं जण झाडू घेऊन त्या दगडाच्या पुढे पुढे पळतात आणि बर्फ खसाखसा घासतात, म्हणजे दगड लांब आणि सरळ जातो. मी म्हटलं, "एवढी झाडण्याची हौस असेल तर आमच्याकडे पाठवा त्यांना, चार मजल्यांचा जिना आहे." बाईही हसल्या.

आम्ही जेवणाच्या टेबलावर पावडर पसरली. जॅमच्या बाटलीचं झाकण हा दगड, नखं घासायचा ब्रश हा झाडू. भिंगरीने झाकण सोडता सोडता शब्द सोडायचा. ढकलायचा नाही, हात हलकेच काढून घ्यायचा. झाडू माझ्याकडे. झाडायचं म्हणजे काय, तर तिच्याकडे बघायचं, घाई दाखवायची नाही, आपलं बोलणं संथ ठेवायचं. आणि नियम एकच. धावत्या दगडाला झाडू लागला की दगड बाद. मग तो कितीही छान चालला असो, उचलून बाजूला ठेवायचा.

पहिलाच दगड. भिंगरी "पें..." वर अडली. मी म्हटलं, "पेंग्विन."

"आजी, दगड बाद," बाई म्हणाल्या.

लागोपाठ पाच दगड बाद झाले. सहाव्या वेळी मी दातांखाली जीभ धरली, तरीही बाद. मी विचारलं, आता काय केलं मी? बाई म्हणाल्या, "तुमचे ओठ हलले. भिंगरी पडद्याकडे बघतच नाहीये, ती तुमच्या ओठांकडे बघतेय. पहिल्या दिवसापासून."

विंगेत बसणाऱ्या बाईचे ओठ हलणारच. या ओठांवर मोठमोठ्या नटांची अब्रू तरलेली आहे. हे मी कालच्या पोरीला काय सांगू. तासभर मग मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसले.

१२ मार्च, बुधवार

घरचा अभ्यास मिळालाय, भिंगरीला नव्हे, मला. रोज पंधरा मिनिटं टेबलापाशी बसून तिच्याशी बोलायचं. तिचा शब्द मी पुरवला किंवा ओठ हलवले, की वाटीत एक बटण. पंच भिंगरी. पहिल्याच दिवशी तेवीस बटणं. सूनबाईने वाटी बघून विचारलं, "आई, घरातल्या एखाद्या शर्टाला तरी बटण उरलंय का?"

१४ मार्च, शुक्रवार

आज मी चिडले. बर्फावर शिकायला जाणाऱ्याला म्हणे सगळ्यात आधी पडायला शिकवतात. कुशीवर, सैल अंगाने. आणि मग उठायचं कसं ते. म्हणून बाईंनी भिंगरीला मुद्दाम अडखळायला सांगितलं. "म-म-मांजर", असं, हसत हसत. मी म्हटलं, "अहो, हे घालवायचंय की वाढवायचंय?"

"पडायची भीती गेली की पडणं कमी होतं, आजी," बाई म्हणाल्या. "आणि नाही झालं कमी, तरी उठता येतं."

मग त्या स्वतःच पडून दाखवायला लागल्या. "प-प-पायमोजा", "टो-टो-टोपी". भिंगरी खुर्चीवरून खाली यायची बाकी होती. मधेच "घसरगुंडी" म्हणताना त्यांचं इंटरनेट पुन्हा अडकलं. भिंगरी हसायची थांबली आणि पडद्याकडे बघत राहिली. शब्द सुटल्यावर बाई म्हणाल्या, "ही मी खरीखुरी पडले हं."

तास संपल्यावर मी म्हटलं, या बाईंना जरा बरं कनेक्शन घ्यायला सांगायला हवं. भिंगरीने माझ्याकडे असं बघितलं की घरातली अडाणी मीच.

"आजी, ते नेट नाहीये. ताई पण अ... अडकते. पहिल्या दिवसापासून."

अडखळणारी बाई, आणि दिवसभर काम काय करते, तर बोलण्याचं. शब्द अडला तरी नजर खाली टाकत नाही, तिथेच उभी राहते. वाक्य विसरलेले नट मी पुष्कळ पाहिले. कोणी खोकतो, कोणी रुमाल शोधतो, कोणी समोरच्यावर ढकलतो. इतकं ताठ उभं राहिलेला एकही पाहिला नाही. बर्फवाली म्हणणं आजपासून बंद.

१६ मार्च, रविवार

मुलगा दुपारी भांडी पुसत होता. मी सहज म्हटलं, "तूही लहानपणी असाच अडखळायचास. तुला कुठे ताई लागली? आपोआप बरा झालास." त्याने एकच पेला दोनदा पुसला.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा तो दिवस मला लख्ख आठवतो. ज्या नाटकाच्या पाठीवर मी हे लिहिते आहे, त्याच्याच तालमी चालू होत्या. मुलगा नऊ वर्षांचा, शाळा सुटली की विंगेत माझ्या पायाशी बसून गृहपाठ करायचा. दिग्दर्शकाला एका छोट्या कामासाठी मुलगा हवा होता, चार-दोन शब्द बोलायचे. त्यांनी याला विचारलं, "काय रे, करशील का?" हा उठून उभा राहिला आणि सुरू झाला, "मला... मला... म..." सगळी मंडळी हातातलं काम टाकून बघायला लागली. जीव कासावीस झाला माझा. मी म्हटलं, "त्याला भीती वाटते. बसेल माझ्यापाशीच." सगळे हसले, विषय मिटला. चारचौघांत पोराची शोभा होऊ दिली नाही मी.

त्यानंतर त्याचं अडखळणं कमी कमी होत गेलं आणि वर्षभरात बंदच पडलं. आता बोलतो मोजकं, पण जे बोलतो ते स्वच्छ. भिंगरीचंही तसंच होईल असं मी त्याला सांगितलं. तो कपाटात पेले लावत होता. म्हणाला, "नको."

पेले कुठे लावायचे याबद्दल म्हणाला असेल.

१९ मार्च, बुधवार

बटणं नऊ. जीभ चावून चावून सुजेल एखाद दिवशी.

२१ मार्च, शुक्रवार

आज बाईंनी भिंगरीच्या बाबांनाही टेबलापाशी बोलावलं. तो दर तासाच्या वेळी स्वयंपाकघरात चहा घेत उभा असतो. आधी मला वाटायचं चहा पितो, आता वाटतं ऐकतो. येऊन खुर्चीच्या टोकावर बसला. बाईंनी विचारलं, "यातला कुठला खेळ तुम्हाला खेळून बघायला आवडेल?"

त्याने झाकणाकडे बघितलं. "मला..." म्हणाला. मग पुन्हा "मला..." आणि पुढे काही नाही. जबडा थरथरायला लागला. एवढ्या वर्षांत मी हे बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "त्याला कसले खेळ. तो आपला त्याच्या भिंगांत खूश."

वाटीत बटण वाजलं. "आजी, दगड बाद," भिंगरी म्हणाली.

"तुझा दगड होता कुठे? तू तर बोलतच नव्हतीस."

"माझा नाही. बाबांचा होता." एकदाही न अडखळता.

मुलगा हसल्यासारखं करून उठला, पुन्हा चहा ठेवतो म्हणाला. बाईंनी टोपी वर सरकवून कपाळाचा घाम पुसला आणि भिंगरीला पुढचा दगड घ्यायला सांगितलं.

मला अजूनही वाटतं, मी मदतच केली. परक्यासमोर माणूस अडला तर घरच्यांनी सांभाळून घ्यायचं नाही तर कोणी? पण मग मी हे तीनदा लिहून का खोडलं, कोण जाणे.

२३ मार्च, रविवार

मुलाचा फोन वाजला, कारखान्यातून. त्याने उचलला नाही. वाजून थांबल्यावर दोन मिनिटांनी टाइप करून उत्तर पाठवलं. हे नेहमीचंच, पण आज मी बघत बसले. पावाच्या दुकानातही तो बोट दाखवतो, बोलत नाही. मला वाटायचं शिष्ट झालाय.

जेवताना सूनबाईला एकटीला गाठून विचारलं, "काय ग, तुझ्याशी बोलताना अडखळतो का तो?"

तिने हातातला चमचा खाली ठेवला. "रोज, आई. माझ्याशी मोकळेपणाने अडखळतो. तुमच्यासमोर आधी सोपे शब्द शोधतो. नाही सापडले तर गप्प बसतो."

"तू मला कधी बोलली नाहीस."

"त्यानेच नको म्हटलं होतं. आईला वाटतं मी बरा झालो, तर वाटू दे, म्हणाला."

दहा वर्षं ही पोरगी माझ्या घरात आहे आणि माझ्याच मुलाची ही गोष्ट तिला ठाऊक, मला नाही. ताटावरून तशीच उठले. भिंगरी वर्गात नुसता हात वर करते, ते ती कोणाकडून शिकली, हेही आज कळलं.

२५ मार्च, मंगळवार

तास संपल्यावर भिंगरीला खाली खेळायला पाठवलं आणि बाईंना सरळ विचारलं, "दोघांचं हे माझ्यामुळे झालं का?"

"नाही," त्या लगेच म्हणाल्या. "अडखळणं कोणाच्या वागण्याने लागत नाही. माझंही कोणी लावलेलं नाही."

"आणि गप्प बसणं?"

त्या उत्तर द्यायला गेल्या तेव्हा पहिलाच शब्द अडला. मी पडद्यासमोर बसून राहिले, ओठ मिटून. किती वेळ गेला कोण जाणे, मला तो लांब वाटला नाही. "ते... शिकलेलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि शिकलेलं बदलता येतं. आत्ता तुम्ही जे केलंत ना, ते तुम्हाला या महिन्याच्या सुरुवातीला येत नव्हतं."

खोटा दिलासा दिला नाही, कोपऱ्यातही उभं केलं नाही. माझ्या निम्म्या वयाची असेल. ही अक्कल कुठून आणतात ही माणसं, मला खरंच कौतुक वाटतं. मी नमस्कार केला तर त्यांनी लाजून मफलर नाकापर्यंत ओढून घेतला.

२८ मार्च, शुक्रवार

भिंगरीने आज शाळेत हजेरी तोंडाने दिली. घरी येऊन दप्तर टाकलं आणि सांगितलं, "ह-ह-ह-हजर म्हणाले. पडले, पण उठले." कोणी हसलं का, विचारलं. "दोघं हसले. मग बाईंनी पुढचं नाव घेतलं." आणि सँडविच खायला लागली. मला तिच्या वयात एवढा दम नव्हता, आताही नाही.

बटणं तीन. ब्रश दोन्ही हातांनी धरला की ओठ हलत नाहीत, हा शोध माझा. बाईंनी तो वहीत लिहून घेतला, बाकीच्या आज्यांसाठी.

२ एप्रिल, बुधवार

विनोद ठरलाय. भिंगरीने स्वतः रचलाय, एका कासवाचा. उशीवर कासव घसरवून घसरवून सराव चालू आहे. मला आता तो शब्दन् शब्द पाठ आहे, हीच अडचण. सूनबाई म्हणते, सांगायच्या वेळी तुम्ही तोंडात लवंग धरा. मी म्हटलं, मी व्यवसायाने गप्प बसणारी बाई आहे, प्रेक्षकांनी माझा आवाज कधी ऐकला नाही. ती म्हणाली, प्रेक्षकांनी नाही, आम्ही ऐकलाय.

४ एप्रिल, शुक्रवार

सगळं नीट लिहून ठेवायला हवं.

तास संपला तेव्हा बाईंनी लॅपटॉप बंद करायच्या आधी भिंगरीला विचारलं, मी असू का? भिंगरी म्हणाली, "नको. मंगळवारी सांगते कसं झालं ते." बाई इतक्या खूश झाल्या की टोपी काढून हवेत उडवली. आम्ही त्यांचे केस पहिल्यांदा पाहिले, घामाने चिकटलेले.

सूनबाई आज लवकर आली. आम्ही चौघं टेबलापाशी बसलो. पावडर पुसली नव्हती, झाकण आणि ब्रश तिथेच होते. मी ब्रश उचलून घेतला. भिंगरी बाबांसमोर उभी राहिली.

विनोद असा. एक कासव बर्फाच्या डोंगरावरून घसरत खाली आलं. खाली ससा उभा. ससा म्हणाला, अरे, आज तू एवढ्या लवकर कसा काय पोहोचलास? कासव म्हणालं, मी पोहोचलो नाही, मला थांबता येत नाहीये.

एवढं सांगायला तिला तीन मिनिटं लागली असतील. "कासव" पडलं, उठलं. "डोंगर" दोनदा पडला. सशाचं वाक्य ती वळणं घेत सुरेख उतरली. आणि मग अगदी शेवटी "मला थां..." वर अडली. मान वाकडी झाली, पण डोळे मिटले नाहीत. माझ्या ओठांकडे तिने एकदाच चोरून बघितलं. तिथे काही नव्हतं. मग बाबांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "थांबता येत नाहीये."

मुलगा हसला. आधी नुसता श्वास सुटल्यासारखा, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. एवढा मोठा हसतो हे मी विसरले होते. भिंगरीने विचारलं, "आजी, बटण?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "एक पण नाही."

मला वाटलं, झालं, जिंकलो, आता जेवू. मी पानं घ्यायला उठणार तेवढ्यात मुलाने झाकण स्वतःकडे ओढलं.

"आई," म्हणाला. "त्या दिवशी... त्या दिवशी म... म..."

एकतीस वर्षं प्रत्येकाचा पुढचा शब्द मला ठाऊक असायचा. माझ्या मुलाचा मला ठाऊक नव्हता. मी खाली बसले आणि वाट बघितली.

"...मला भीती नव्हती वाटत. मला क... काम करायचं होतं. वाक्य पाठ होतं मला."

अठ्ठावीस वर्षं हे त्याच्याजवळ होतं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. माफी मागावी तर तीही मीच बोलत बसणार. मी एवढंच विचारलं, "म्हणून दाखवशील?"

त्याने झाकणावर दोन बोटं ठेवली आणि हलकेच सोडलं. "बसा," तो म्हणाला. "आई आत आहे. ती..."

आणि अडला. जबडा थरथरायला लागला, मान वाकडी झाली, अगदी भिंगरीसारखी. डोळे उघडे, माझ्यावर. याच वहीच्या बाविसाव्या पानावर ते वाक्य आहे, माझ्या हाताची लाल पेन्सिलीची खूण आहे त्याला. त्या नाटकाच्या प्रत्येक प्रयोगात मी ते ओठांतल्या ओठांत म्हटलंय. मी ब्रश दोन्ही हातांनी घट्ट धरला. झाकण टेबलाच्या कडेपाशी जाऊन थांबलं, तरी शब्द आला नव्हता. भिंगरी हलली नाही, सूनबाई हलली नाही, मी हलले नाही.

"...येईल," तो म्हणाला.

नाटकात या वाक्यानंतर आई विंगेतून बाहेर येते आणि मुलाच्या शेजारी बसते. मी उठले, टेबलाला वळसा घातला, त्याच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले.